पिवळ्या रंगाची पारख

माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात, आम्लांच्या बाटल्यांच्या मागे, एक स्टीलचा डबा ठेवलेला आहे. साहित्याच्या नोंदवहीत त्याची नोंद नाही. दरवर्षी मोजदाद होते तेव्हा मी तो उचलून बाजूला धरतो आणि मोजदाद संपली की पुन्हा जागेवर ठेवतो. त्यात अर्ध्याहून कमी उरलेली हळद आहे, मिरपूड मिसळलेली, आणि एक बारका चमचा आहे. चमचा माझ्या बहिणीने मापासाठी ठेवला होता. त्याच्या दांड्याला तिच्या बोटांचे पिवळे ठसे आहेत. ते मी पुसलेले नाहीत.

चिखलीच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. वयाची पंचावन्न वर्षे उलटली आहेत. तिशीत असताना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर काम केले आणि त्यावरच मला पीएच.डी. मिळाली. पिवळ्या रंगाची किती छटा किती द्रव्य दाखवते, हे यंत्रावर मोजण्यात माझी पाच वर्षे गेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते रंग ओळखण्यातच घडले.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणत असे. आई निंदणाला जाई आणि मी बाईच्या कडेवर असे. तिची शाळा सातवीत सुटली ती त्यामुळेच. पुढे ती धाड गावी दिली गेली, तिचा संसार झाला, सून आली, मेहुणे गेले. मी कितीही मोठा झालो तरी तिच्या तोंडी मी बाबूच होतो. फक्त चारचौघांत ती मला ‘आमचे सर’ म्हणायची, आणि म्हणताना पदर सावरायची.

पन्नाशीनंतर तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी उठले की मूठ वळत नसे, पाण्याची बादली उचलता येत नसे. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आणि दर दोन महिन्यांनी रक्त तपासायला यायला सांगितले. ही गोळी क्वचित यकृताला त्रास देते, म्हणून तपासणी चुकवायची नाही, असे त्यांनी माझ्यासमोर बजावले होते. तीन वर्षे ती एसटीने धाडहून बुलडाण्याला जात राहिली. हात पुष्कळ सुधारले. तरी ती कुरकुर करीच.

“दर खेपेले सुई टोचते थे पोरगी. मायं रगत घेऊन घेऊन त्याहीनं आता हौद भरला असन.”

“बाई, गोळी चुकवू नको.”

“नाही चुकवत रे बाबू. तू म्हनतं म्हनून खातो.”

‘तू म्हनतं म्हनून.’ त्या वेळी मी हे शब्द कानांनी ऐकले, मनावर घेतले नाहीत.

धाडच्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेनंतर कुणीतरी बोलते. महिला मंडळात बाईचा शब्द चाले. एका पौर्णिमेला तिने मला बोलावले. विषय तिनेच ठरवला होता: हळद. “ह्या बायाहीले सांग तू काय शिकला ते,” ती म्हणाली. “इतके वर्स मी सांगून राह्यली का माह्या भावानं हयदीवर मोठ्ठं काम केलं. कोनाले खरं वाटत नाही. म्हनतेत, हयदीवर काय शिकाचं असते?”

त्या दुपारी आम्ही सर्वांनी पंचशील म्हटले. त्यातले चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. मीही ते म्हटले, आणि त्यानंतर माझ्या हातात माईक देण्यात आला.

मी चांगले बोललो. याची लाज वाटते म्हणूनच ते सांगायला हवे. आपल्या पेशींमध्ये दाह कसा उठतो, हे मी त्यांना गावाच्या उपमेने सांगितले. गावात चोर शिरला की कुणीतरी हाक देते, सगळे गाव काठ्या घेऊन बाहेर पडते. हे चांगलेच. पण चोर पळून गेल्यावरही हाक थांबली नाही, तर काठ्या घेतलेले लोक आपल्याच माणसांना बडवू लागतात. संधिवातात नेमके असेच होते. हळदीतले द्रव्य काचेच्या थाळीतल्या पेशींमध्ये ती हाक दाबून टाकते, लोकांना घरी पाठवते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. मी तसे सांगितले. ‘काचेच्या थाळीतल्या’ हे शब्द मी उच्चारले की नाही, ते मला आठवत नाही. हळद नुसती खाल्ली तर शरीर ती फारशी घेत नाही, मिरे असेल तर जास्त घेते, हेही सांगितले. बायकांनी माना डोलावल्या. बाई पहिल्या ओळीत, पांढऱ्या साडीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याकडे बघून बोलताना मला माझेच बोलणे आवडत होते.

एक भाग मी सांगितला नाही. हे द्रव्य पेशीला गोंजारत नाही. पेशीच्या दृष्टीने ते परकेच असते, म्हणजे एक छोटा चोरच. त्याची चाहूल लागली की पेशी सावध होते, दारांना आतून अडसर घालते, बचावाची प्रथिने तयार करते आणि त्यामुळे पुढच्या मोठ्या ताणाला तोंड देऊ शकते. वनस्पतींतल्या अनेक द्रव्यांचा गुण असाच आहे. ती थोडीशी इजा करतात म्हणून उपयोगी पडतात. पण ही इजा थोडीच असावी लागते. माझ्या प्रबंधातल्या तक्त्याचे शेवटचे तीन रकाने यकृताच्या पेशींचे आहेत. त्यांत द्रव्याची मात्रा वाढत जाते आणि जिवंत पेशी कमी होत जातात; शेवटच्या रकान्यात मोजण्यासारखे काही उरत नाही. प्रबंधात ते तीन रकाने आहेत. त्या दिवशी विहारात ते नव्हते. टाळ्यांच्या जरा आधी ते सांगितले असते तर टाळ्या झाल्या नसत्या, एवढेच कारण होते. दुसरे शोधूनही सापडलेले नाही.

भाषण संपल्यावर तिसऱ्या ओळीतून एक स्त्री उठली. मळ्यात काम करणारी, खणखणीत आवाजाची.

“सर, मंग त्या गोया काऊन खावं? हयद त घरातच हाये!”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्यानंतर मी म्हणालो, “नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत.” मला हे वाक्य स्वच्छ आठवते. माईक तोवर कुणीतरी घेतला होता, मी मुळातच हळू बोलतो, पण वाक्य मी बोललो होतो. पुढे कित्येक महिने मी या वाक्याच्या आधाराने झोपत होतो.

मग चहा झाला. बाईने कप आणून दिला आणि कानाशी म्हणाली, “आज कसं वाटलं बाबू? पाह्यलं, कशा चूप बसल्या होत्या! एरवी मुंग्या चावल्यावानी करतेत.”

त्यानंतर महिनाभराने तिचा फोन आला. मिरे किती टाकायचे, एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, चिमूटभर. ती कशात टाकते, किती वेळा घेते, गोळीचे काय, यातले काही मी विचारले नाही. तिने विचारले याचाच मला आनंद झाला होता. माझे शास्त्र अखेर माझ्या घरी पोचले असे वाटले.

तिने काय केले, ते मला नंतर तिच्या सुनेकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. गोळी तिने भाषणानंतरच्याच आठवड्यात बंद केली. गोळी बंद, म्हणजे रक्ताची तपासणीही बंद; बुलडाण्याचे हेलपाटे वाचले. आधी घरची हळद आणि मिरे तुपात कालवून घेई. मग बाजाराच्या दिवशी जीपमधून औषधे विकायला येणाऱ्या एकाकडून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. हळद नुसती अंगात जात नाही असे भावानेच सांगितले होते; तेव्हा अर्क बरा, असा तिचा विचार. पण कॅप्सूलचे ते कवच प्लास्टिकसारखे दिसे, ते गिळायला तिचे मन घेईना. म्हणून दर रविवारी ती सगळ्या कॅप्सूल उघडून अर्क या डब्यात रिकामा करी, वर मिरपूड आणि घरची हळद घाली आणि चमच्याने ढवळी. मग दिवसातून तीन चमचे. आणि संध्याकाळी बोटांच्या सांध्यांना ओल्या हळदीचा लेप. तिचे हात, नखे, पदराचे टोक, उशीचा अभ्रा, घराच्या दाराची कडी, सगळे पिवळे असे. तिला पिवळी पाहण्याची घरातल्यांना सवय झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतले एक लग्न चिखलीला होते. बाई दुपारी मंडपात आली. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो. तिच्याकडे पाहिले आणि हसू आले. हात पिवळे, मनगटे पिवळी, गळाही पिवळट दिसत होता.

“काऊन बाई, नवरी थे आन् हयद तुले लागली का?”

“हाव ना,” ती म्हणाली, “आता या वयात एखादा नवरदेव पाह्य माह्यासाठी. दात असलेला पाह्यजो पन.”

भोवतालच्या सगळ्या हसल्या. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि दंड खाजवू लागली.

“अंग लय खाजते रे. अन् तोंडाले चव नाही. पुरनाच्या पोयीकडं पाह्याचंबी मन होत नाही.”

“ऊन पाह्य किती हाये, बाई. ताक पेत जाय.”

तिने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिले. अगदी समोरून. मंडपाच्या कनातीतून ऊन येत होते आणि ते तिच्या डोळ्यांवर पडले होते. डोळ्यांचे पांढरे पिवळे झाले होते.

हे मी तेव्हा पाहिले. नंतर पाहिल्यासारखे वाटले, असे नव्हे, तेव्हाच पाहिले. हळद हाताला लागते, कातडीला लागते, कापडाला लागते. डोळ्याच्या पांढऱ्याला ती लागत नाही. तो पिवळा पित्ताचा असतो, यकृत थकले की रक्तात साचणारा. हळदीचा पिवळा आणि पित्ताचा पिवळा यांत यंत्राला फरक कळतो आणि यंत्र नसताना शहाण्या माणसालाही कळायला हवा. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो. पण त्या क्षणी तिच्या सगळ्या अंगावरच्या पिवळ्याचा अर्थ मी आधीच लावून टाकला होता, त्यावर विनोद करून झाला होता, लोक हसून झाले होते. डोळ्यांचा पिवळाही मी त्याच हिशेबात ढकलला. मग वाढपी आले आणि आम्ही पंगतीला उठलो.

बारा दिवसांनी भाच्याचा फोन आला. मी बुलडाण्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा बाई खाटेवर होती, पोट फुगलेले, शुद्ध मधूनमधून हरपत होती. तरुण डॉक्टर विचारत होते, “आजी, काय काय घेत होता तुम्ही? कोणतं औषध, जडीबुटी, काही?”

बाईने डोळे उघडले, मला पाहिले आणि मोठ्या कष्टाने बोट माझ्याकडे केले.

“याले विचारा. याले सगळं माहीत हाये.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विहारातल्यासारखाच अभिमान होता. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “हळद.” ते वाट पाहत राहिले. मग सुनेने सगळे सांगितले: गोळी आठ महिन्यांपासून बंद आहे, तपासणी नाही, अर्क, मिरे, तीन चमचे. डॉक्टर लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी एकदा मान वर केली आणि मला विचारले, “तुम्ही नात्यातले?” मी म्हणालो, “भाऊ.” प्राध्यापक आहे, याच विषयाचा, हे मी सांगितले नाही.

पुढे तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवले. तिथे ती अकरा दिवस होती. एका सकाळी तिला चांगली शुद्ध होती. तिने चादरीतून हात काढला, माझ्यापुढे धरला आणि बोटे हळूहळू वळवली.

“पाह्य. मूठ वयते आता. तुह्या औषधानं हात त बरे झाले माह्ये.”

मूठ अर्धवटच वळली होती. सांधे सुजलेले होते, गोळी घेत असताना होते त्यापेक्षा जास्त. मी तिची मूठ माझ्या हातात घेतली आणि म्हणालो, “हाव बाई, बरे झाले.” माझ्या आयुष्यात मी बोललेले सर्वांत सरळ खोटे ते हे. ते बोललो याचा पश्चात्ताप मला होत नाही. होतो तो आधीच्या खऱ्याखऱ्या वाक्यांचा.

तिथल्या डॉक्टरांना मी एकदा गाठून विचारले. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. अर्काने झाले असेल, कॅप्सूलमध्ये आणखी काही असेल, आधीचाच काही दोष असेल. हळदीच्या अर्काने यकृत दुखावलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते, पण तो घेऊन धडधाकट असलेलेही पाहिले होते. लवकर आला असतात तर बंद करून पाहता आले असते, एवढे मात्र ते ठामपणे म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक प्रयोगाशेजारी एक थाळी अशी ठेवतो, की तिच्यात द्रव्य घालत नाही. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. बाईच्या शेजारी ठेवायला दुसरी बहीण नव्हती, जिला मी काही सांगितले नसते.

बाई गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर सुनेने मला डबा दिला. “मामाजी, हे काय करू? फेकवत नाही. त्याहीच्या हातचं हाये.” मी तो चिखलीला आणला.

आणल्यावर मी काय केले, ते सांगणे अवघड आहे, म्हणून सरळ सांगतो. मला भेसळ सापडावी असे वाटत होते. हळदीत कापड रंगवायचा पिवळा रंग मिसळतात. तो या डब्यात निघाला असता तर दोष त्या जीपवाल्याचा झाला असता. सुटीच्या दिवशी, महाविद्यालयात कोणी नसताना, मी चिमूटभर पूड परीक्षानळीत घेतली, स्पिरिटमध्ये हलवली, वरचे पिवळे द्रावण दुसऱ्या नळीत घेतले आणि त्यात आम्लाचे थेंब टाकले. द्रावण गुलाबी झाले. माझी छाती भरून आली. कृतज्ञतेनेच, दुसरा शब्द नाही. पण शुद्ध हळदही आम्लात गुलाबी होते, हे मला माहीत होते. खरी परीक्षा पुढची: पाणी घालायचे. गुलाबी टिकला तर भेसळ, गेला तर हळद. मी पाणी घातले. गुलाबी रंग गेला. पुन्हा केले, गेला. आठ नळ्या केल्या. आठही नळ्यांत रंग गेला.

ती चाचणी सगळीच भेसळ दाखवत नाही, हे मी जाणतो. पण मी आठव्या नळीनंतर थांबलो, कारण मी काय शोधतो आहे ते मला दिसू लागले होते.

तरी माझ्याकडे ते वाक्य होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत. मी ते बोललो होतो. तिने ऐकले नसेल. पुढच्या वेळी धाडला गेलो तेव्हा मी सुनेला विचारले, शक्य तितक्या सहजपणे. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“असं काही तुम्ही म्हटलं नव्हतं, मामाजी. तुम्ही हसले होते.”

“हसल्यावर म्हटलं. हळू.”

“मी त बाजूलेच होती. रेकॉर्डिंग केलं होतं ना मी, फोनात. आत्यानंच सांगलं होतं कर म्हनून.” सासूला ती आत्या म्हणे. मग म्हणाली, “रोज संध्याकायी लेप लावता लावता आयकत होत्या. मीच लावून देवो. मले त पाठ झालं.”

तिने ते मला पाठवले. तीन आठवडे मी ते उघडले नाही. माझा आवाज त्या घरात रोज संध्याकाळी, ओल्या हळदीच्या वासात, आठ महिने बोलत राहिला होता. ती गोळी न घेता बसली असताना तिला धीर देत राहिला होता. मी शिकवायला उभा राहिलो की मला तो मागून ऐकू येई. वाक्य अर्धे सोडून मी थांबे. विद्यार्थ्यांना वाटे, सर आठवतायत.

त्याच दिवसांत देऊळघाटहून एका अनोळखी स्त्रीचा फोन आला. “सर, तुमचा हयदीचा व्हिडिओ आला आमच्या ग्रुपवर. मले गुडघ्याचं हाये. अर्क किती घ्याचा तेवढं सांगा, अन् गोया आजच बंद करू का सोमवारपासून?”

बाईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्यांनी पुढे पाठवला होता. बाई गेली होती आणि माझा आवाज चिखली, बुलडाणा, देऊळघाट असा फिरत होता, अजून लोकांना घरी पाठवत होता. मी फोनवरच्या त्या स्त्रीला सांगितले की गोळ्या बंद करू नका, अर्क घेऊ नका. “आं? मोठ्यानं बोला सर, आयकू येत नाही,” ती म्हणाली. मी ओरडून सांगितले. शेजारच्या खोलीतून पत्नी धावत आली. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, माझा चढलेला आवाज तिने ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी मी ती चित्रफीत पाहिली. फोन बाईच्या शेजारी धरलेला होता, त्यामुळे मी लांब आणि लहान दिसतो आणि बाई दिसत नाही. तो खणखणीत प्रश्न येतो. हशा होतो. मी हसतो. माझ्या ओठांकडे मी टक लावून पाहत होतो. ते मिटतात, मी माईक देतो आणि कुणाला तरी नमस्कार करतो. वाक्य नाही. हळूही नाही. ते मी नंतर कधीतरी, गरज पडली तेव्हा, स्वतःसाठी तयार केले असावे. आणि फोनच्या अगदी जवळून, जणू माझ्या कानाशी, बाईचा आवाज येतो. ती सुनेला सांगते आहे:

“पाह्य, हसला. म्हन्जे खरं हाये.”

तिथे चित्रफीत संपते.

बाईचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोटो आहेत, पण ती फोनवर बोलली ते कुणी साठवून ठेवले नाही. तिचा आवाज म्हणून जगात जे काही उरले आहे, ते एवढे एक वाक्य आणि मधे एकदा खोकणे. आणि हीच चित्रफीत मला सगळ्यांकडून पुसून घ्यायची होती.

पुढच्या पौर्णिमेला मी विहारात बोलण्याची परवानगी मागितली. पंचशील झाले. मी माईक घेतला आणि सुनेला म्हणालो, “फोन जवळ धर. मी हळू बोलतो.” मग मी ते तीन रकाने सांगितले. छोटा चोर पेशीला सावध करतो आणि शंभर चोर घर मोडतात, असे सांगितले. स्वयंपाकातली हळद घालावी तशी घाला, अर्काच्या नादी लागू नका, गोळी डॉक्टरांखेरीज कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, माझ्या तर नाहीच. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. माझ्या बहिणीचे डोळे मी मंडपात पाहिले होते आणि विनोद केला होता, हेही सांगितले. ती जुनी चित्रफीत ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुसून टाकावी, अशी विनंती केली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिसऱ्या ओळीतली तीच स्त्री उठली. तिचा आवाज मात्र त्या दिवशी खाली होता.

“सर, मंग त्या दिशी मी इचारलं, तवा काऊन नाही सांगलं?”

मी म्हणालो, “तुम्ही सगळ्या खूश होत्या. माझी बहीण समोर बसली होती. मला मोठं दिसायचं होतं.”

ती खाली बसली. शेजारणीला ती जे म्हणाली ते मला ऐकू आले: “इचारलं त मीच होतं माय.” तिचाही काही वाटा आहे असे तिला त्या क्षणी वाटले होते. मी माईकवरून म्हणालो, “नाही. तुम्ही विचारलं ते बरोबर होतं.” हे वाक्य नव्या चित्रफितीत आहे. मी तपासून पाहिले.

विहाराबाहेर बायकांनी आपापले फोन सुनेपुढे धरले, तिने जुनी चित्रफीत एकेकीच्या फोनमधून काढून टाकली. शेवटी स्वतःचा फोन हातात घेऊन ती उभी राहिली.

“मामाजी, माह्याबी फोनातून काढू?”

“हाव.”

“आत्याचा आवाज हाये त्यात.”

“माहीत आहे.”

तिने काढली. मग पदराने डोळे पुसले आणि चहाचे कप गोळा करायला आत गेली.

नवी चित्रफीत फारशी कुणी पुढे पाठवत नाही. जुनी अजूनही कुठून कुठून येते. परवाच एका अनोळखी क्रमांकावरून मलाच आली, खाली हात जोडल्याची खूण. मी त्या माणसाला फोन केला आणि मोठ्याने बोललो.

माझ्या फोनमधून ती मी काढलेली नाही, हे इथे लिहिले पाहिजे. सुनेला काढायला लावली आणि स्वतः ठेवली. कुणाला पाठवत नाही. कधीतरी संध्याकाळी, प्रयोगशाळा बंद करण्यापूर्वी, कपाट उघडे ठेवून ऐकतो. बाईच्या आवाजापाशी सरळ जाता येते, बोटाने पुढे सरकवले की झाले. पण मी तसे करत नाही. पहिल्यापासून ऐकतो, तो प्रश्न, तो हशा, माझे हसणे, सगळे. त्यानंतरच ती बोलते.